सपाट डेकच्या जहाजाची बातमी कशी वाचावी

२०२३ च्या गणेशोत्सवात खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या मंडळाने नव्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा देखावा केला होता. प्लायवूड आणि थर्माकोलचे बारा फुटी जहाज, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वर वळलेला चढ, डेकवर मांडलेली खेळण्यातली विमाने आणि मधोमध, पिछाडीपासून नाळेपर्यंत, पांढऱ्या रंगाने सरळ ओढलेली पट्टी. घाटाखाली गोव्याच्या नौदल तळावर नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आरतीला आले होते. त्यांनी देखावा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “पोरांनो, ह्याच्यावर उतरलेलं विमान पुढं उभ्या केलेल्या विमानांवरच जाऊन आदळणार की!” उतरण्याची पट्टी तिरकी हवी होती. नमुन्याचे चित्र मुलांना मीच काढून दिले होते, त्यामुळे ही चूक सर्वस्वी माझी होती.

आमचा भाग पलटणीचा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत असे गाव विरळाच, जिथे एखाद्या घरात फौजी पेन्शन येत नाही. भूसेनेची हत्यारे, हुद्दे आणि कवायती आम्हाला घरबसल्या कळतात. समुद्र मात्र घाटापलीकडचा. वास्तविक सीमाभागाच्या घोषणांत बेळगावच्या जोडीने ज्या कारवारचे नाव पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहे, त्याच कारवारच्या तळावर ‘विक्रमादित्य’ नांगर टाकते. तरीही वर्तमानपत्रात चीन, जपान, तुर्कस्तान किंवा इराणच्या नव्या जहाजाचे छायाचित्र आले की भरतीची तयारी करणारी आमची मुले वहीत एकच नोंद करतात, ती म्हणजे अमुक देशाकडे आता इतक्या विमानवाहू नौका झाल्या. ही मोजणी बहुतेक वेळा फसते, कारण सपाट डेक दिसला म्हणून जहाज विमानवाहू ठरत नाही. त्या डेकवरून काय उडते, ते परत कसे उतरते आणि ते विकणारा कोण, हे पाहिल्यावरच बातमीचे वजन कळते. पुढील रीत मी वाचनालयातील मुलांसाठी बसवली असून ती कोणालाही वापरता येईल.

प्रथम मथळा हाताने झाकावा आणि छायाचित्रात जहाजाची नाळ पाहावी. ती वर उचललेली असेल, तर तो स्की-जंप होय. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावत येते आणि या चढावरून हवेत फेकले जाते. ‘विक्रमादित्य’ आणि नवी ‘विक्रांत’ या दोन्ही भारतीय नौकांवर, तसेच चीनच्या ‘ल्याओनिंग’ व ‘शानडोंग’ या पहिल्या दोन नौकांवर हीच व्यवस्था आहे. या पद्धतीत यंत्रसामग्री कमी लागते, परंतु विमानाला पूर्ण इंधन व पूर्ण शस्त्रे घेऊन उडणे अवघड जाते, आणि पाठीवर मोठे रडार घेऊन फिरणारी जड टेहळणी विमाने तर अशा डेकवरून उडूच शकत नाहीत. म्हणून आपल्या नौकांवर दूरवरची टेहळणी कामोव्ह-३१ या हेलिकॉप्टरांकडे असते.

नाळ सपाट असेल, तर डेकवर लांबच लांब सरळ खाचा दिसतात का ते पाहावे. त्या दिसल्या, तर तिथे कॅटापुल्ट आहे, म्हणजे विमानाला ओढून भिरकावणारे यंत्र. जून २०२२ मध्ये जलावतरण झालेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली चीनची ‘फुजियान’ विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट वापरते. तिच्यावरून जे-१५टी व जे-३५ या लढाऊ विमानांबरोबरच केजे-६०० हे टेहळणी विमानही उडवून दाखवण्यात आले आहे. चीनची पहिली दोन आणि हे तिसरे जहाज यांत खरा फरक इथे आहे, आणि बातमीत नेमका तोच एका ओळीत उरकलेला असतो. खाचाही नाहीत आणि चढही नाही, अशी सपाट नाळ दिसली, तर ते जहाज हेलिकॉप्टरांचे किंवा सरळ खाली उतरू शकणाऱ्या विमानांचे आहे, असे तूर्त धरून पुढे जावे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या जुन्या ‘विक्रांत’वर वाफेवर चालणारा कॅटापुल्ट होता. १९७१ च्या युद्धात कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणारी सी-हॉक विमाने त्याच्याच साहाय्याने उडत होती. सुमारे ४३,००० टनांच्या नव्या ‘विक्रांत’वर तो नाही. नवे जहाज प्रत्येक बाबतीत जुन्याच्या पुढेच असले पाहिजे, हा आपला समज असतो, तो या एका जोडीने मोडतो.

नाळेनंतर डेकवरील रंगाच्या रेषा पाहाव्यात, कारण आमच्या मंडळाची चूक याच जागी झाली. पिछाडीकडून डाव्या कडेकडे तिरकी जाणारी पट्टी दिसली, तर त्या जहाजावर विमाने तारेला अडकून उतरतात. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. तो डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकला, की ताशी दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने आलेले विमान दोन-तीन सेकंदांत थांबते. ‘विक्रांत’वर अशा तीन तारा आहेत. चाके टेकताच वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पूर्ण जोर देतो. तार चुकलीच, तर त्याला त्याच दमात पुन्हा हवेत जाता आले पाहिजे. पट्टी तिरकी असल्यामुळे त्याच्यासमोर मोकळा समुद्र असतो, आणि नाळेवर उभी असलेली विमाने बाजूला सुरक्षित राहतात. या कौशल्याचा सराव आधी जमिनीवर करावा लागतो. त्यासाठी गोव्यात दाभोळीच्या ‘हंसा’ तळावर स्की-जंप आणि अडवणाऱ्या तारा बांधलेल्या आहेत. तेजसचा नौदलासाठीचा नमुना १३ सप्टेंबर २०१९ रोजी प्रथम तिथेच तारेत अडकून उतरला, आणि त्यानंतर चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, ‘विक्रमादित्य’वर. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना दाभोळी फक्त प्रवासी विमानतळ म्हणून माहीत असते.

तिरकी पट्टी नसेल आणि पिछाडीला भला मोठा दरवाजा असेल, तर जहाज उभयचर वर्गातले आहे. या जहाजाच्या पोटात एक गोदी असते. पिछाडीकडील टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले, की जहाज मागच्या बाजूने थोडे बुडते, आणि भाताच्या खाचरात बांध फोडून पाणी घ्यावे तसे पाणी त्या गोदीत शिरते. मग आत ठेवलेल्या सपाट तळाच्या होड्या रणगाडे, ट्रक आणि सैनिक घेऊन तरंगत बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘कॅनबेरा’ व ‘अ‍ॅडलेड’, चीनची २०२१ पासून दाखल होऊ लागलेली ०७५ प्रकारची जहाजे, दक्षिण कोरियाच्या ‘दोकदो’ व ‘मारादो’, इजिप्तच्या दोन ‘मिस्त्राल’ आणि तुर्कस्तानची ‘अनादोलू’ ही सगळी याच जातीची. आपल्या ‘जलाश्व’च्या पोटातही अशी गोदी आहे, परंतु तिच्या पुढच्या भागात इमला असल्यामुळे तिचा डेक सलग सपाट नाही. ती मूळची अमेरिकेची ‘ट्रेंटन’, २००७ मध्ये भारताने घेतली. मे २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीला आणणारे जहाज ते हेच.

छायाचित्रात कडेला किंवा नाळेजवळ रंगवलेला क्रमांक मिळाला, तर निम्मे काम संपते. आर-११ म्हणजे विक्रांत, आर-३३ म्हणजे विक्रमादित्य, १६, १७ व १८ या चीनच्या तीन विमानवाहू नौका, ३१ पासून पुढचे क्रमांक चीनच्या ०७५ प्रकारातील जहाजांचे, १८३ व १८४ जपानच्या ‘इझुमो’ आणि ‘कागा’, ९११ थायलंडची ‘चक्री नरुबेत’, आणि एल-४०० ‘अनादोलू’. मुलांनी हे क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत. जुनेच छायाचित्र नव्या बातमीला चिकटवण्याची खोड वर्तमानपत्रांनाही आहे आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांना तर फारच, आणि ती खोड क्रमांकाने लगेच उघडी पडते.

आकाराविषयी फार बोलण्याची गरज नाही. टनांचे दोन आकडे असतात, एक रिकाम्याच्या जवळपासचा आणि एक पूर्ण भरलेल्या जहाजाचा. ‘इझुमो’ एका बातमीत १९,५०० टनांची आणि दुसरीत २६-२७ हजार टनांची असते, व दोन्ही खरे असते. तुलना करताना दोन्हीकडचा आकडा एकाच पद्धतीचा घ्यावा, इतके पुरे. लांबीचा अंदाज मात्र डोळ्यांना असायला हवा. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘चपल’ ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. तिची लांबी सुमारे ३९ मीटर. सहलीला गेल्यावर मुलांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांनी मोजावी आणि अशा जवळजवळ सात नौका एकापुढे एक लावल्या आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे २६२ मीटरची ‘विक्रांत’ डोळ्यांपुढे उभी राहते. तळाच्या बाजूला मात्र कॅमेरा वळवू नये. तिथे छायाचित्रणाला बंदी असते.

वेगाचा आकडा लोक वाचून सोडून देतात, पण मला तो टनांपेक्षा बोलका वाटतो. ‘विक्रांत’चा कमाल वेग २८ नॉट म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर, ‘कॅनबेरा’चा २० नॉटच्या थोडा वर, म्हणजे ताशी ३७-३८ किलोमीटर. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडाला धावते, जेणेकरून जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून विमानाच्या पंखांखाली आयतीच हवा मिळते. वीस नॉटचे जहाज हा हातभार कमी देऊ शकते, आणि ते विनाशिकांच्या ताफ्याबरोबर धावतही नाही. सपाट डेकच्या, पण वीस-बावीस नॉटच्या जहाजाला कोणी विमानवाहू म्हटले, तर तिथे थांबून पुन्हा वाचावे.

आता नावाकडे वळावे, आणि त्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. आपली ‘विक्रमादित्य’ मूळची सोव्हिएत ‘गोर्शकोव्ह’, तिच्या मूळ मालकाच्या दप्तरी ती विमाने वाहणारी क्रूझर होती. नाळेवर क्षेपणास्त्रांचे नळे होते, ते काढून तिथे स्की-जंप बांधला गेला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती आपल्याकडे आली. जपानने २४८ मीटर लांबीच्या, सलग सपाट डेकच्या ‘इझुमो’ला २०१५ मध्ये दाखल केले, तेव्हा तिचा वर्ग हेलिकॉप्टरवाहू विनाशिका असाच लिहिला गेला, कारण त्या देशाच्या युद्धोत्तर राज्यघटनेमुळे आक्रमक वाटणारी शस्त्रे बाळगणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘इझुमो’ व तिची जोडीदार ‘कागा’ या दोन जहाजांवरून एफ-३५बी हे अमेरिकी लढाऊ विमान उडवण्याचा निर्णय झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी मरीन दलाची विमाने ‘इझुमो’वर उतरली. ‘कागा’ची नाळ पूर्वी पुढे निमुळती होती, ती कापून चौकोनी केली आहे आणि डेकवर जेट इंजिनाचा जाळ सहन करणारा थर दिला आहे. छायाचित्रात ‘कागा’ची नाळ चौकोनी दिसली, तर ते बदलानंतरचे आहे, हे सांगायला तारीख लागत नाही.

इथपर्यंत जहाज ओळखले गेले. यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो छायाचित्रात दिसत नाही: यावरून उडणारी विमाने कोणाची, किती आणि कुठून येणार? थायलंडचे उदाहरण मुलांना मी आधी सांगतो. १८२ मीटरची ‘चक्री नरुबेत’ स्पेनच्या गोदीत बांधून १९९७ मध्ये थायलंडला मिळाली, बरोबर स्पेनचीच वापरलेली हॅरियर ही सरळ खाली उतरणारी लढाऊ विमाने. त्याच वर्षी बँकॉकमधून आशियाई आर्थिक संकट सुरू झाले, इंधनाला व सुट्या भागांना पैसा उरला नाही, आणि २००६ मध्ये हॅरियर निवृत्त झाली. जहाज आजही आहे, स्की-जंपही आहे, त्यावरून उडणारे लढाऊ विमान मात्र नाही. ते हेलिकॉप्टरे घेऊन २००४ च्या त्सुनामीसारख्या आपत्तीत मदतीला जाते. देशांच्या यादीत त्याची गणना अजूनही विमानवाहू म्हणून होते. भरतीच्या तयारीच्या एका पुस्तिकेत मी ती तशीच छापलेली पाहिली आहे.

तुर्कस्तानचे प्रकरण वेगळे आहे. ‘अनादोलू’ बांधायला घेतली ती एफ-३५बी डोळ्यांपुढे ठेवून. परंतु रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये तुर्कस्तानला एफ-३५ कार्यक्रमातून वगळले. एप्रिल २०२३ मध्ये जहाज दाखल झाले, तेव्हा त्याच्यासाठी ठरलेले विमानच नव्हते. मग त्यांनी घरचे टीबी-३ हे ड्रोन घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते या डेकवरून उडून परतही उतरले. इराणने २०२५ मध्ये दाखल केलेली ‘शहीद बाघेरी’ तर मूळची मालवाहू कंटेनर नौका. तिच्यावर चढ आणि पट्टी बांधून ड्रोनची सोय केली होती. चीनने डिसेंबर २०२४ मध्ये पाण्यात सोडलेल्या ‘सिचुआन’ या उभयचर जहाजावर कॅटापुल्टही बसवला आहे. म्हणजे विमानवाहू आणि उभयचर यांतील जी सीमा वर सांगितली, ती या जहाजापाशी पुसट होते, आणि वहीत त्यासाठी वेगळा रकाना करावा लागतो.

एफ-३५बी हे आज तयार होणारे, आखूड धावपट्टीवरून उडून सरळ खाली उतरणारे एकमेव लढाऊ विमान आहे, आणि ते फक्त अमेरिका विकते. त्यामुळे जपान, इटली यांची छोटी सपाट जहाजे लढाऊ विमानांची होतात, आणि ज्यांना ते विमान मिळत नाही किंवा नको आहे, त्यांची तशीच जहाजे हेलिकॉप्टरांची राहतात. ऑस्ट्रेलियाकडे एफ-३५ आहे, पण जमिनीवरून उडणारा प्रकार. ‘कॅनबेरा’वरचा स्की-जंप मूळ स्पॅनिश आराखड्यातून जसाच्या तसा आला आहे. ‘कॅनबेरा’, ‘अ‍ॅडलेड’ आणि ‘अनादोलू’ ही तिन्ही जहाजे स्पेनच्या ‘हुआन कार्लोस’ या एकाच नमुन्यावरची, एका घरातली भावंडे. या जहाजांचा प्रसार शत्रू पाहून जितका झाला, तितकाच तयार आराखडा विकणाऱ्या गोदीमुळेही झाला, असे माझे मत आहे. इजिप्तच्या दोन ‘मिस्त्राल’ तर फ्रान्सने रशियासाठी बांधल्या होत्या. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यानंतर तो व्यवहार मोडला आणि तयार जहाजे २०१६ मध्ये इजिप्तला मिळाली.

आपल्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. दोन नौकांसाठी भारताने एकूण ४५ मिग-२९के ही रशियन लढाऊ विमाने घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ६३,००० कोटी रुपयांना २६ राफेल-एमचा करार केला. त्यांतील २२ एका आसनाची आणि चार दोन आसनांची. राफेलचे पंख दुमडत नाहीत. म्हणून डेकखालच्या कोठारातून विमाने वर आणणाऱ्या लिफ्टची रुंदी, जी बातमीत कोणी वाचत नाही, इथे महत्त्वाची होते. शिवाय नौका दोन असल्या, तरी दोन्ही एकाच वेळी समुद्रात असतील असे नाही. प्रत्येकीला काही वर्षांनी गोदीत जावेच लागते, आणि बाहेर आल्यावर वैमानिकांचा हात पुन्हा बसायला महिने जातात. एक नौका कायम समुद्रात हवी असेल, तर तीन लागतात, असे जे म्हटले जाते ते याच हिशेबाने. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ पस्तीसहून अधिक विमाने व हेलिकॉप्टरांसह एकत्र निघाल्या, त्याची एवढी बातमी झाली ती म्हणूनच. त्या वेळच्या छायाचित्रांत मुख्य जहाजांच्या बाजूला विनाशिका आणि फ्रिगेट दिसतात. इंधन पुरवणारे जहाजही शोधावे. ज्या नौदलाकडे हा लवाजमा नाही, त्याची सपाट जहाजे किनाऱ्यापासून फार दूर जात नाहीत.

नोंदवहीचे रकाने असे आखावेत: क्रमांक, नाव, नाळ, पट्टी, पिछाडीचा दरवाजा, वेग, विमान आणि ते विकणारा देश. जे जहाज दाखल होऊन चालते आहे, त्याची नोंद शाईने करावी. ‘योजना’, ‘मंजुरी’, ‘प्रस्ताव’ हे शब्द असलेली प्रत्येक नोंद पेन्सिलीने करावी. दक्षिण कोरियाच्या सुमारे ३०,००० टनांच्या विमानवाहू नौकेची नोंद आमच्या वहीत पेन्सिलीने होती, ती पुढे खोडावी लागली. आपल्या चार उभयचर जहाजांची योजना दहा वर्षांहून अधिक काळ पेन्सिलीतच आहे. विसर्जनाच्या आदल्या रात्री मंडळाच्या पोरांनी थर्माकोलच्या डेकवरची सरळ पट्टी राखाडी रंगाने झाकली आणि डावीकडे झुकणारी नवी पट्टी ओढली. रंग ओलाच होता, तरी काकांनी त्यावर खेळण्यातले विमान पिछाडीकडून सरकवून पाहिले, आणि ते कोणालाही न धडकता टेबलावरून खाली पडले.